गोळी विरघळेपर्यंत

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६. मंजूर रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर: पाळकसाहेब, सेक्रेटरी भालेराव, खजिनदार म्हणून मी, शांतवन उबाळे आणि कमिटीचे आणखी तीन सभासद. एकूण सात. शिवाय चार तरुण मुलंमुली. त्यांना मताचा अधिकार नव्हता, पण त्यांच्यामुळे आम्हा मोठ्यांना बाकावर अर्धीच जागा मिळत होती.

ठराव असा होता: मंडळीच्या तरुण संघाने सव्वीस जानेवारीच्या जोडसुट्टीत खडवलीला तीन दिवसांचं शिबिर घ्यावं, खर्च तरुण संघाने करावा आणि हिशोबही तरुण संघानेच द्यावा. शेवटची दोन कलमं उबाळेकाकांनी घालायला लावली.

भालेराव टपाल खात्यात होते. प्रत्येक गोष्ट शिक्का मारून पुढे पाठवायची त्यांना सवय. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सहाशे चाळीस रुपये? रोख? पोरांच्या हातात?"

"मग काय मनिऑर्डर करायची?" उबाळेकाका म्हणाले.

सगळे हसले आणि ठराव पास झाला. याच शिबिरामुळे पुढे एका मुलीचा रस्ता कायमचा बंद व्हायची वेळ आली. तो बंद झाला नाही, हे उबाळेकाकांमुळे. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

आमची मेथॉडिस्ट पंथाची ख्रिस्ती मंडळी तेव्हा डोंबिवलीत एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरत असे. बेचाळीस कुटुंबं. स्वतःची इमारत नव्हती. रविवारी सकाळी साडेसातला वर्ग उघडायचा, फळा पुसायचा, गुरुजींच्या टेबलावर पांढरी चादर घालायची, की झालं चर्च. बाकं चौथीच्या मुलांच्या मापाची, दोघांनी बसायची. उपासनेत आमचे गुडघे हनुवटीपर्यंत यायचे. बदलून आलेल्या प्रत्येक पाळकाने पहिल्या रविवारी खुर्च्या घेण्याचा विषय काढला. प्रत्येक वेळी शिल्लक किती आहे ते मी सांगितलं आणि विषय संपला.

उबाळेकाका कोपरला राहायचे आणि कल्याणला बाजारपेठेत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. सगळं डोंबिवली त्यांना कंपाउंडरकाका म्हणायचं. अंगाने काटक, पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात लहान कात्री. ही कात्री औषधाच्या बाटलीवर लावायची डोसाच्या खुणांची कागदी पट्टी कापायला लागायची. तेव्हा लोकांचा पाकिटातल्या गोळ्यांपेक्षा बाटलीतल्या लाल औषधावर विश्वास जास्त. काका जवळ आले की पुदिन्याच्या अर्काचा वास यायचा. चर्चमध्ये मागे वळून न बघताही ते आले हे कळायचं.

बाटलीवरची सूचना त्यांनी मंडळीलाही लावली होती. १९८५ साली एकदा उपासनेनंतर मला म्हणाले, "वसंता, आपलं औषध सगळं तळाशी बसलंय. वर नुसतं पाणी. घेण्यापूर्वी हलवायला पाहिजे."

तळाशी बसलेलं औषध म्हणजे मागच्या बाकांवरची तरुण पोरं आणि वरचं पाणी म्हणजे आम्ही, हे माझ्या लक्षात यायला दोन रविवार लागले.

त्यानंतरच्या कमिटीत त्यांनी एक पद्धत सुरू केली. पाळकसाहेबांची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. म्हणाले, "ही बाकं दोघांची आहेत. आपण एकेक जण बसतो. उरलेल्या जागेवर एक तरुण बसवायचा. दोन महिने त्याने नुसतं बघायचं. तिसऱ्या महिन्यात अहवाल त्याने द्यायचा आणि आपण गप्प."

"गप्प म्हणजे?" भालेरावांनी विचारलं.

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. त्यांनी स्वतः वळलेल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या होत्या, हरभऱ्यापेक्षा जरा मोठ्या. "ही तोंडात ठेवायची. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. चावायची नाही."

"आणि पोरगं चुकलं तर?"

"चुकेल की. गोळी विरघळायला सात मिनिटं लागतात. सात मिनिटांत मंडळी बुडत नाही."

मी घड्याळ लावून पाहिलं. मला साडेसहा लागली. भालेरावांना चार. ते चावतात अशी माझी शंका होती.

माझ्या वाट्याला करुणा साळवे आली. वय अठरा, बारावी झालेली. वडील नव्हते. आई एका नर्सिंग होममध्ये आया होती. करुणा बारीक आवाजात बोलायची आणि अक्षर मात्र टपोरं काढायची. ठाण्याच्या एका कंपनीच्या हिशोबखात्यात तेव्हा मला अकरा वर्षं झाली होती. माझ्या कॅशबुकात चूक निघत नाही असा माझा लौकिक होता आणि मला तो आवडायचा. दोन महिने तिने माझ्या शेजारी बसून वही बघितली. एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात ती उभी राहिली, मी गोळी तोंडात टाकली, आणि तिने जमाखर्च वाचायला सुरुवात केली. शेवटी म्हणाली, "ऑगस्टच्या अर्पणाच्या बेरजेत सात रुपयांची चूक होती. खजिनदारांना सांगायचं राहून गेलं. मी दुरुस्त केली आहे."

माझे कान तापले. तोंडात गोळी. मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. सात मिनिटांत मी ऑगस्टची बेरीज मनात तीनदा केली. चूक होती. गोळी विरघळली तेव्हा बोलण्यासारखं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "चावली नाहीस, शाब्बास."

त्यांची आणखी एक खोड होती. हाती घेतलेलं कुठलंही काम ते पूर्ण करायचे नाहीत. नाताळचं तोरण एका टोकाला बांधायचे, दुसरं टोक जवळच्या मुलाच्या हातात द्यायचे आणि चहाला निघून जायचे. पवित्र शास्त्राचा उतारा वाचताना शेवटच्या दोन ओळी राखून कुणाला तरी उभं करायचे. मला आधी हा आळस वाटायचा. मार्थाकाकू, त्यांची पत्नी, तर तोंडावर बोलायच्या. कोपरला खाडीकडून मासे घेऊन येणाऱ्या बाईशी घासाघीस करता करता एकदा मला म्हणाल्या, "भावजी, घरात यांच्या हातून पाण्याचा हंडा सुटत नाही, म्हणे मीच भरणार. आणि चर्च तेवढं दिलंय पोरांच्या ताब्यात!"

"हंडा जड असतो गं," काका आतून म्हणाले. "चर्च हलकं आहे. सगळ्यांनी धरलं तर."

प्रार्थना करायला सांगितलं तर त्यांची प्रार्थना एका वाक्याची: "प्रभू, यांना पुढे कर आणि मला नीट बसव. आमेन." नव्या पाळकांना वाटायचं, अजून पुढे आहे. ते डोळे मिटून वाट बघत राहायचे.

आता खडवली. मी शिबिराला नव्हतो. जे लिहितो ते नंतरच्या सभेत जसं सांगितलं गेलं तसं.

काका ज्यांच्याकडे नोकरीला होते त्या डॉक्टरांचं खडवलीला नदीजवळ शेतघर होतं. ते त्यांनी तीन दिवसांसाठी फुकट दिलं. मुलंमुली बावीस, बरोबर मोठी माणसं दोन: उबाळेकाका आणि मार्थाकाकू. काकांचा नियम असा, की शिबिरात मोठ्यांनी स्वयंपाक करायचा आणि मुलांनी बाकी सगळं. करुणा तेव्हा वीस वर्षांची, तरुण संघाची अध्यक्ष. प्रार्थना, गाणी, अभ्यास, वेळापत्रक सगळं तिच्याकडे. रविवारी, म्हणजे पंचवीस तारखेला, दुपारी चार वाजता पाळकसाहेब येणार होते आणि नदीकाठी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, देणार होते. द्राक्षरस आणि भाकर तेच घेऊन येणार होते. आमच्यात प्रभुभोजन देण्याचा अधिकार फक्त दीक्षा झालेल्या पाळकाचा. हे लहान मूलही जाणतं.

त्या दुपारी कल्याणला मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाई गेल्या. पाळकसाहेबांना मातीला थांबावं लागलं. खडवलीला निरोप द्यायला फोन नव्हता.

चार वाजले, पाच वाजले. मुलं नदीकाठी चादर घालून बसली होती. त्यांच्यात राजू नावाचा एक मुलगा होता. वेल्डिंग शिकलेला, त्याच आठवड्यात गुरुवारी मस्कतला कामावर निघणार होता. तो म्हणाला, "तिकडे आपलं चर्च असेल नसेल, मला माहीत नाही. जायच्या आधी घेऊन जायचं म्हणून तर मी आलेलो."

साडेपाचला करुणाने दोन मुलांना गावच्या दुकानात पाठवलं. पावाच्या दोन लाद्या आणि कोकम सरबताची एक बाटली, मिळून एकवीस रुपये पन्नास पैसे. आणि सहा वाजता तिने ते दिलं.

पुढच्या रविवारपर्यंत ही बातमी बेचाळीसच्या बेचाळीस कुटुंबांत पोचली होती. कोकमाचं सरबत! यावर लोक जास्त बोलत होते. एका वीस वर्षांच्या पोरीने प्रभुभोजन दिलं, हे हळू आवाजात बोलत होते.

८ फेब्रुवारी १९८७ ला कमिटी बसली. तेच सात जण. करुणाला बोलावलं होतं. तिची आई बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसली होती, नर्सिंग होमची निळी साडी तशीच नेसून. आमच्यापुढे प्रश्न फक्त रागवण्याचा नव्हता. मेथॉडिस्टांत पाळक नसलेल्या माणसालाही उपदेश करता येतो. त्यासाठी मंडळीला नाव सुचवावं लागतं, मग परीक्षा, मग परवाना. ज्याला पुढे पाळक व्हायचं आहे त्याची पहिली पायरी हीच. मार्चमध्ये आम्ही करुणाचं नाव पाठवणार होतो. तिला पाळकच व्हायचं होतं, आणि आमच्या मंडळीतून तोपर्यंत कुणी मुलगाही त्या वाटेने गेला नव्हता, मुलगी तर सोडाच.

भालेरावांनी ठराव लिहूनच आणला होता. करुणा साळवे हिचं नाव पाठवू नये, आता नाही आणि पुढेही नाही. तरुण संघ बरखास्त करावा. बाकांवर तरुण बसवण्याची पद्धत बंद करावी.

काकांनी पुडी काढली. "आधी तिला बोलू दे."

"आज गोळी नको, उबाळे. आज गंभीर बाब आहे."

"म्हणूनच. साध्या बाबीला तर कोणीही गप्प बसतं."

पाळकसाहेबांनी पहिली गोळी उचलली. मग बाकीच्यांना उचलावीच लागली. काकांनी स्वतःही एक तोंडात टाकली. करुणा फळ्याजवळ उभी राहिली. फळ्याच्या एका कोपऱ्यात शनिवारच्या वर्गाचं अर्धं पुसलेलं केळं होतं.

ती म्हणाली, "मी चुकले. मला नियम माहीत होता. मी सगळ्यांना आधी सांगितलं, की पाळकसाहेब आलेले नाहीत, मला हे द्यायचा अधिकार नाही, ज्याला नको असेल त्याने उठून जावं, मला राग येणार नाही. कुणी उठलं नाही. राजू रडत होता. माझ्याने त्याला नाही म्हणवलं नाही. तो गेला आता. त्याला काही शिक्षा नको. सरबत आणायलाही मीच सांगितलं. बाकीच्यांनाही नको." मग जरा थांबून, "एवढंच. अजून गोळ्या आहेत का तुमच्या तोंडात? मी थांबते."

कुणीतरी फसकन हसलं. बहुतेक पाळकसाहेब. ती खरोखरच थांबली. आम्ही सात जण गोळ्या चघळत तिच्याकडे बघत बसलो. ती चार-पाच मिनिटं फार लांब होती. रागाने बोलायचं ठरवून आलेल्या माणसाला चार मिनिटं गप्प बसावं लागलं की रागातला निम्मा भाग नेमका कशाबद्दल होता ते आठवेनासं होतं. हे मी त्या दिवशी स्वतःच्या बाबतीत अनुभवलं.

भालेरावांची गोळी आधी संपली. "उबाळे, तुम्ही तिथे होतात ना? तुम्ही काय करत होता? कांदे चिरत होता?"

"कांदे चिरून झाले होते," काका म्हणाले. "मी नदीवर होतो."

"मग थांबवलं का नाही?"

"माझ्या तोंडात गोळी होती."

"मस्करी करू नका!"

"मस्करी नाही करत. ती उभी राहिली तेव्हाच मी गोळी टाकली. मला कळत होतं ती काय करणार आहे ते. मी थुंकून बोलू शकलो असतो. नाही बोललो." मग ते पाळकसाहेबांकडे वळले. "आणि पाळकसाहेब, रांगेत सगळ्यात शेवटी मी होतो. मीही तिच्या हातून घेतलं."

 करुणाने मान खाली घातली. हे ती बोलली नव्हती. काकांचं नाव तिने राखलं होतं.

"तिने केलं ते चुकीचंच," काका म्हणाले. "नियम चांगला आहे, राहिला पाहिजे. पण भालेराव, तुम्ही 'पुढेही नाही' लिहिलंत. असं औषध आमच्या दवाखान्यात नाही. प्रत्येक औषधाला मुदत असते. मुदत नसलेल्याला विष म्हणतात. तिला मुदतीची शिक्षा द्या. एक वर्ष नाव थांबवा. आणि जी तिला, तीच मला."

पाळकसाहेब अध्यक्ष, म्हणून मताला नव्हते. काका म्हणाले, मी आरोपी आहे, मीही मत देणार नाही. उरलो पाच. भालेरावांच्या ठरावाला दोन मतं. एका वर्षाच्या ठरावाला तीन. तिसरं मत माझं होतं. मी हात वर केला तेव्हा मनात धर्म वगैरे काही नव्हतं. ऑगस्टच्या सात रुपयांची आठवण होती.

पण याच्यापुढचंही लिहायला हवं. त्याच संध्याकाळी करुणाने शिबिराचा हिशोब आणून दिला. सहाशे चाळीस रुपयांची पै न् पै, सगळ्या पावत्या तारखेप्रमाणे टाचलेल्या. त्यात ते एकवीस पन्नासचं बिल. मी विचारलं, "हे कुठल्या खात्यात घालू?" प्रभुभोजन म्हणून घातलं तर मंडळीने ते मान्य केल्यासारखं होतं. नाश्ता म्हणून घातलं तर ते खोटं. मी बिल बाजूला काढलं आणि नामंजूर केलं. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शिकवण्यांच्या कमाईतून एकवीस पन्नास आणून भरले.

काकांना कळलं तेव्हा मला वाटलं, ते स्वतः ते पैसे देऊन टाकतील. त्यांनी दिले नाहीत. म्हणाले, "राहू दे. तुझी गोळी अजून विरघळायची आहे."

'जी तिला, तीच मला' या वाक्याचा अर्थ आम्हाला मार्चच्या पहिल्या रविवारी कळला. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सगळे उठून पुढे गेले. काका बसून राहिले, मागच्या बाकावर, गुडघे वर. पाळकसाहेबांनी हाताने खूण केली. काकांनी मान हलवली. एप्रिलमध्येही तसंच. मार्च १९८७ ते फेब्रुवारी १९८८, बारा पहिले रविवार. मी मोजले आहेत. ईस्टरलाही नाही. या बारा रविवारी त्यांच्या शेजारच्या जागेवर करुणा बसायची. तीही उठायची नाही. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. बाक दोघांचं होतं आणि दोघंही बसलेले असायचे.

त्या वर्षात काकांनी तिच्याकडून नियमांचं पुस्तक पाठ करून घेतलं, कल्याणच्या दवाखान्यात, बाटल्यांना पट्ट्या चिकटवता चिकटवता. "नियम मोडलास ना? मग आता तुला तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत पाहिजे." रोगी औषधाला थांबलेले असायचे आणि आत ही दोघं प्रश्नोत्तरं करायची. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "उबाळे, अहो हा दवाखाना आहे का देऊळ?" काका म्हणाले, "डॉक्टर, पोरगी पट्ट्या सरळ कापते. पगार मागत नाही. बघा."

मार्च १९८८ मध्ये तिचं नाव गेलं. सुचवलं भालेरावांनी. का सुचवलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी फक्त पाहिलं, की त्या कमिटीत त्यांना गोळी पुरी सात मिनिटं पुरली.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण हे करुणाचं चरित्र नाही. परवाना मिळाला. पहिला उपदेश नऊ मिनिटांचा झाला. मग ती पाळकांच्या शिक्षणाला गेली. त्यानंतर एकदा परदेशात मेथॉडिस्ट तरुणांचं संमेलन भरलं, तिकडे तिला पाठवलं. तिचं पत्र आलं. काकांनी ते उपासनेनंतर फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं:

"काका, इथे अनेक देशांची मुलं आहेत. एकमेकांची भाषा कळत नाही, पण तक्रार सगळ्यांची एकच आहे, की मोठे बोलूच देत नाहीत. मी तुमच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशीच्या सभेत आफ्रिकेतल्या एका मुलीने त्यांच्या पांढऱ्या केसांच्या पुढाऱ्यांपुढे माझ्याजवळची पुडी धरली. ते खूप हसले आणि त्यांनी गोळी घेतली. मग ती मुलगी अकरा मिनिटं बोलली. गोळ्या संपल्या आहेत. पाठवता येतील का?"

काकांनी शेवटच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. नेहमीप्रमाणे पत्र शेजारच्या मुलाकडे दिलं. या वेळी मात्र मला वाटतं, त्यांना वाचता येत नव्हत्या.

भालेराव जाग्यावरून म्हणाले, "पार्सल माझ्याकडे द्या. मी नीट बांधून पाठवतो."

१९९५ साली करुणाचा दीक्षाविधी झाला. आमच्यातले चौदा जण गेलो होतो. काका येऊ शकले नाहीत. त्यांना आदल्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. ते १९९६ च्या ऑगस्टमध्ये गेले. माती कल्याणला झाली. पेटी उचलायला सहा जण लागतात. सहाही जण तिशीच्या आतले होते आणि आम्ही मोठे मागून चाललो. तसं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं.

पण मला त्यांची आठवण येते ती त्याच्या दोन महिने आधीच्या एका रविवारची.

करुणा सुट्टीवर आली होती. उपासनेनंतर मला म्हणाली, "वसंतकाका, मी कोपरला चाललेय. येता?" आम्ही पोचलो तेव्हा काका खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत होते. बुशशर्ट तोच, फक्त मोठा वाटत होता. खिशात कात्री होती. मार्थाकाकू म्हणाल्या, "सकाळपासून विचारतायत, आली का, आली का. दाढीसुद्धा दोनदा करून घेतली माझ्याकडून."

करुणाने पिशवीतून प्रभुभोजनाचं छोटं भांडं काढलं आणि स्टुलावर पांढरा रुमाल घातला. काका तिच्याकडे बघत होते. डाव्या हाताने त्यांनी तिला थांबवलं.

"अधिकार... आहे?"

"आहे, काका."

"कागद?"

"घरी आहे. आणू?"

ते तोंडाच्या एका बाजूने हसले. "नको. ... सरबत?"

"नाही हो," ती म्हणाली. "या वेळी द्राक्षरसच आहे."

तिने विधी केला. सगळे शब्द सावकाश, एकही न गाळता. भाकरीचा तुकडा रसात बुडवून तिने त्यांच्या तोंडात ठेवला. मग काकूंना दिलं, मग मला. या वेळी काका रांगेत पहिले होते. रांगच तीन माणसांची होती.

मी डोळे उघडले तर काका माझ्याकडे बघत होते.

"वसंता," ते म्हणाले. "एकवीस... पन्नास."

माझ्याकडे सुटे होते. खरं सांगायचं तर मी घरून निघतानाच मोजून घेतले होते: दहाच्या दोन नोटा, एक रुपयाचं नाणं, आठ आणे. पैसे माझ्या खिशातले. मंडळीचा खजिनदार आता तेवीस वर्षांचा एक मुलगा आहे आणि नऊ वर्षांपूर्वीचं बिल तो पास करणार नाही. मीच तसं शिकवलंय त्याला.

करुणा नको नको म्हणत होती. काकांनी भुवया वर केल्या, तशी तिने हात पुढे केला.

"पावती," काका म्हणाले.

काकूंनी कॅलेंडरचं जुनं पान दिलं. करुणाने पाठकोऱ्या बाजूवर तारीख टाकली, रक्कम लिहिली आणि थांबली. "कशाबद्दल लिहू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. तिने लिहिलं, सही केली, पाळकांची पूर्ण सही, आणि कागद माझ्याकडे दिला.

काकांनी डाव्या हाताने टेबलाच्या खणाकडे बोट केलं. काकूंनी पुडी काढून दिली. त्यातली एक गोळी त्यांनी तोंडात टाकली, पाठ खुर्चीला टेकली आणि करुणा जे काही सांगत होती ते ऐकत बसले, तिच्या खेड्यातल्या मंडळीचं, तिथल्या कमिटीचं, बाकांचं. मी निघेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.

पावती माझ्या वहीत चिकटवलेली आहे. ९ जून १९९६, कोपर. मिळाले रुपये एकवीस, पैसे पन्नास. घेणार: रेव्हरंड करुणा साळवे. कशाबद्दल: प्रभुभोजन, खडवली, २५ जानेवारी १९८७.